मीनाक्षीच्या महालक्ष्म्या आणि भिंतीतली वटवाघळं

मधुसूदन लासूरकर भित्रा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे घडलं त्यावरून लोक भलतंच समजतात, आणि कॉलनीतले लोक तर तसं समजायला टपलेलेच असतात. रझाकारांच्या धामधुमीत, हा पाच-सहा वर्षांचा असताना, आईनं त्याला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं आणि तो तिथं हूं की चूं न करता बसला होता. झोपला होता, असं त्याचे थोरले बंधू नानासाहेब सांगतात. पण थोरल्या भावानं धाकट्याचं कौतुक करायचं नाही असा आपल्याकडं दंडकच आहे.

तर असा हा धीराचा गृहस्थ, वय चाळिशीच्या आसपास, एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून, श्रावणातल्या एका संध्याकाळी भरल्या ताटावरून उठला आणि डोक्यावर परात धरून मोरीत जाऊन बसला. घरात वटवाघूळ शिरलं होतं.

"ते केसात अडकतं," त्यानं मोरीच्या दाराआडून बायकोला समजावून सांगितलं. "एकदा अडकलं की केस कापल्याशिवाय निघत नाही."

नवऱ्याच्या डोक्यावर शेवटचे केस कधी पाहिले होते ते मीनाक्षी आठवत असावी. वटवाघळानं ट्यूबलाइटभोवती दोन-चार गिरक्या घेतल्या, त्याला घर पसंत पडलं नाही आणि ते आल्या वाटेनं निघून गेलं. मधुसूदन मात्र दूरदर्शी माणूस. तो आणखी बराच वेळ मोरीत थांबला.

एरवी एवढ्यानं काही आभाळ कोसळलं नसतं. पालीबरोबर माणूस संसार करतोच की! पण ते वर्ष निराळं होतं. त्या वर्षी महालक्ष्म्या मीनाक्षीकडं यायच्या होत्या.

भाद्रपदात गणपतीमागोमाग या दोघी बहिणी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. लासूरकरांच्या त्या दोघी थोरल्या घरी, गुलमंडीला, नानासाहेबांकडं बसत. मीनाक्षी लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी तिथं जाऊन राबायची. पुरण तिनं वाटायचं, भाज्या तिनं चिरायच्या, पाटा-वरवंटा तिनं धुवायचा. आणि साडी नेसवायला, ओटी भरायला पुढं तिची जाऊ, यमुनाबाई. एकदा मीनाक्षीनं ज्येष्ठेची वाकडी झालेली नथ सरळ करायला हात पुढं केला, तर यमुनाबाई म्हणाल्या, "राहू दे गं. तिला माझ्या हाताची सवय आहे." मीनाक्षीच्या ते काळजात रुतून बसलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मधुसूदनला सांगितलं होतं, पण तो तेव्हा पेपर वाचत होता.

आता यमुनाबाईंचे गुडघे गेले. तीन दिवस उठबस होईना. नानासाहेबांनी विषय काढला, यमुनाबाईंनी आठवडाभर तोंड फुगवलं, आणि शेवटी मीनाक्षीला बोलावून घेतलं.

"या वर्षी ने," त्या म्हणाल्या. "बघू त्यांना तुझ्याकडं करमतंय का. देवी आहे ती, तिला घर रुचावं लागतं. जरा कुठं उणं पडलं, विटाळचंडाळ झाला, तर पुढच्या वर्षी मी परत आणीन. मग मेले तरी देणार नाही."

हे ऐकून मीनाक्षी घरी आली ती रिक्षात रडत आली. आनंदानं. आणि दुसऱ्याच दिवशी झाडलोट करताना तिला बैठकीच्या भिंतीशी काळे जिऱ्यासारखे दाणे सापडले.

लासूरकरांचं घर मुकुंदवाडीच्या बाजूला, 'कृतार्थ' गृहनिर्माण संस्थेत. सगळी जोडघरं. उजवीकडची भिंत कारभारी मोकाशांच्या घराला चिकटलेली. चिकटलेली म्हणायची एवढंच. ठेकेदारानं दोन भिंतींच्या मध्ये चार बोटं फट ठेवली होती. का ठेवली, ते त्याला विचारायचं राहिलं आणि तो पुण्याला गेला. त्या फटीत वटवाघळांचं बिऱ्हाड होतं. दिवेलागणीला वरच्या तोंडातून ती एकेक करून बाहेर पडत आणि त्यातलं एखादं चुकार, वाट चुकून किंवा मुद्दाम, खिडकीतून लासूरकरांकडं डोकावून जाई.

ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही, कारण मधुसूदननं ती कुणालाही न सांगायचं ठरवलं होतं.

पहिल्यांदा आल्या त्या चतुराबाई, कारभारीच्या आई. पिशोरच्या. शेतीभाती गावाकडं, लेक इथं जिल्हा परिषदेत, म्हणून म्हातारी इकडं. त्यांनी जमिनीवरचा एक दाणा उचलला, बोटावर चुरडला आणि वास घेतला.

"वाघळं हायेत व्हय," त्या म्हणाल्या. "लई वंगाळ. आमच्याकडं म्हणत्यात, वाघूळ शिरलं की घर वस पडतं."

"आई, आपलीबी भिंत हाय ती," कारभारी म्हणाला.

चतुराबाईंनी बोट पदराला पुसलं. "पण काही जण चांगलं बी म्हणत्यात," त्या म्हणाल्या.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं मोराचं पीस लावा. लावलं, ते वाऱ्यानं उडून मोकाशांच्या पोराकडं गेलं आणि त्याच्या पुस्तकात गेलं. कुणी डांबराच्या गोळ्या सांगितल्या. त्या फटीत टाकल्यावर वटवाघळांचं काय झालं कळलं नाही, पण लासूरकरांच्या वरणाला आठवडाभर ट्रंकेतल्या शालूचा वास येत होता. एकानं तर फटीपुढं रेडिओ लावून ठेवायला सांगितला. मधुसूदननं तोही लावला. वटवाघळांनी बातम्या, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम आणि सुगम संगीत हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उलट कारभारी येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, जरा मोठ्यानं लावा ना, आमचा बिघडलाय."

आता मधुसूदन रीतीनं जाणारा माणूस. त्यानं प्रकरण संस्थेपुढं मांडलं. संस्थेचे चेअरमन अनंतराव, सेवानिवृत्त, निजामी अमदानीत नोकरीला लागलेले. उर्दू तालमीचे, आणि वर पंचांगाचे गाढे जाणकार. त्यांनी चष्मा लावून नकाशा पसरला आणि बराच वेळ पाहिला.

"लासूरकर, ही फट नकाशात नाही," ते म्हणाले.

"पण भिंतीत आहे ना!"

"असेल. आमचं काय म्हणणं नाही. पण नकाशात जी जागा नाही, तिथं कोण राहतं याची जिम्मेदारी संस्थेवर येत नाही. आणि उद्या आम्ही ती फट कबूल केली, तर फटवाल्या सगळ्या घरांची तक्रार येईल. कायदेशीर पेच आहे. समजून घ्या."

मधुसूदननं समजून घेतलं. मग तो एका मोठ्या कचेरीत गेला, जिथं शहरातल्या कुत्र्या-डुकरांचा बंदोबस्त पाहतात. तिथं खिडकीमागं पान खात बसलेल्या इसमानं त्याचं सगळं गाऱ्हाणं मान हलवत ऐकलं.

"वटवाघूळ हमारे कने नई आता साब," तो म्हणाला. "कुत्ता है, डुक्कर है, मच्छर है. उडनेवालों में खाली मच्छर है."

"मग कुणाकडं येतं?"

"वो मालूम नई. काटा क्या किसी को?"

"नाही."

"तो फिर कायकू आए साब? काटा तो दवाखाने जाना, नई काटा तो घर जाना. यहाँ आने का कामच नई."

मधुसूदन बाहेर आला. त्याला राग आला नाही असं नाही, पण रागापेक्षा दुःख जास्त झालं. स्वतःच्या टेबलापुढं उभ्या राहिलेल्या लोकांना गेली कित्येक वर्षं तोही अशाच नेमक्या शब्दांत वाटेला लावत आला होता. ती विद्या आपल्यावरच चालेल हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शिवाय त्या इसमाचा हात आपल्यापेक्षा साफ आहे, हे त्याला मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

कचेरीत दौलताबादचा एक सहकारी होता. तो म्हणाला, "अरे, आमच्या किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, हजारो आहेत. मशालीचा धूर झाला की पळापळ. तू धूर कर. लिंबाचा पाला, गोवऱ्या, वर चार लाल मिरच्या."

रविवारी मधुसूदननं घमेल्यात धूर केला. मिरच्या चार सांगितल्या होत्या, यानं ओंजळभर टाकल्या. देवीचं काम, हात आखडता कशाला घ्यायचा? वारा कारभारीच्या घराकडं होता. पहिल्यांदा बाहेर आल्या चतुराबाई, डोळ्याला पदर लावून. मग कारभारी, मग त्याची बायको, मग त्यांच्याकडं मुलगी बघायला आलेले पिशोरचे पाहुणे, हातात चहाच्या कपबशा घेऊन. पलीकडच्या घरातून एक आजारी गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले, जे बरेच दिवस उठले नव्हते. वटवाघळं सोडून सगळे बाहेर आले.

"भाऊसाहेब," खोकत खोकत चतुराबाई म्हणाल्या, "आमी काय वाईट केलं तुमचं?"

त्यानंतर त्यांनी बोलणं टाकलं. लासूरकरांच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर काजळीचा पट्टा उमटला, तो मीनाक्षी दोन दिवस घासत होती. मधुसूदन म्हणाला, "अगं, होईल काही तरी." तेव्हा तिनं हातातलं फडकं बादलीत आपटलं.

"होईल काही तरी, होईल काही तरी! तुमच्या घरात कधी काय झालंय माझ्या मनासारखं? एवढं एकच मागितलं होतं मी. एकच! आता नैवेद्याच्या पानात वरून ते दाणे पडले ना, की वहिनी उचलून नेतील दोघींना, आणि मी जन्मभर त्यांच्या घरी पुरण वाटत बसेन."

मधुसूदनला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तो पेपर वाचत नव्हता, समोरच उभा होता, त्यामुळं सुटका नव्हती. त्यानं मनाशी पण केला की महालक्ष्म्या यायच्या आत ही फट बुजवायची.

पुंजाराम मिस्त्री "आज येतो" म्हणाला आणि पोळ्याला गावी गेला. बैलांचा सण बैलांबरोबर आटपतो, मिस्त्र्यांचा लांबतो. तो उगवला गणपती बसल्यावर. आता घाई झाली, तर अनंतराव पंचांग घेऊन आडवे आले. चेअरमन म्हणून त्यांनी फट नाकारली होती, पण पंचांगाचे जाणकार म्हणून ती त्यांना मान्य होती.

"वास्तूला हात लावायचा म्हणजे मुहूर्त पाहिला पाहिजे," ते म्हणाले. "पाटीभर सिमेंट असलं तरी बांधकाम ते बांधकाम. तुम्ही संध्याकाळी म्हणताय ती वेळ तर अजिबात नको. दिवेलागणीला घराचं भोक बुजवलं तर लक्ष्मी बाहेर राहते. आवाहनाच्याच दिवशी सकाळी उत्तम घटका आहे."

मीनाक्षीलाही ते पटलं. यमुनाबाईंनी विचारलं असतं, मुहूर्त पाहिला होता का? सांगता आलं असतं, हो, पाहिला होता.

वटवाघूळ रात्री चरायला जातं आणि दिवसा घरी झोपतं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. मधुसूदन ती शिकला होता, अनंतराव शिकले होते, मीनाक्षीनं तर ती शेजारच्या पोरांना शिकवली होती. पण पंचांगात ती कुठंच दिलेली नाही. त्यामुळं आवाहनाच्या दिवशी सकाळी, शुभ घटकेवर, नारळ फोडून, हळदकुंकू वाहून पुंजारामनं फटीची सगळी तोंडं पक्की बुजवली. त्या वेळी झाडून सगळी वटवाघळं घरात हजर होती.

"साहेब, आत काय तरी चिवचिवतंय," शिडीवरून पुंजाराम म्हणाला.

"ओलं सिमेंट आहे. चिवचिवणारच," खालून अनंतराव म्हणाले.

पुंजारामनं आयुष्यभर सिमेंट कालवलं होतं, पण चेअरमनसाहेबांशी वाद कोण घालणार! त्यानं पेढा खाल्ला आणि गेला. मधुसूदननं कमरेवर हात ठेवून भिंतीकडं पाहिलं. मीनाक्षी बाहेर आली, तिनंही पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याकडं बघून हसली. तेवढ्या हसण्यासाठी माणसानं डोंगर बुजवला असता. दुपारी तिनं स्वतः जाऊन चतुराबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं. त्याही म्हणाल्या, "येते की. देवीशी कसला रुसवा?"

संध्याकाळी नानासाहेब आणि यमुनाबाई रिक्षातून मुखवटे घेऊन आले. अंगणात तुळशीपासून घरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. मीनाक्षी नऊवारी नेसून, हातात ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन उंबऱ्याशी आली. यमुनाबाई पुढं चमच्यानं ताट वाजवत विचारत होत्या.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"काय घेऊन आली?"

"धनधान्य, लेकीबाळी घेऊन आली."

मग रीतीप्रमाणं महालक्ष्मीला सगळं घर दाखवायचं असतं. महालक्ष्मीच्या निमित्तानं यमुनाबाईंनी डाळीचे डबे उघडून पाहिले, ओट्याखाली वाकून पाहिलं, मोरीच्या नळाला हात लावून पाहिला. गुडघ्यांनी त्या दिवशी काही तक्रार केली नाही. पण कुठं बोट ठेवायला जागा सापडेना. मधुसूदन सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं टाकून, मागून मागून फिरत होता आणि प्रत्येक खोलीनंतर त्याचा एक-एक श्वास मोकळा होत होता.

दोघी उभ्या राहिल्या. गव्हानं भरलेल्या कोठ्यांवर साड्या नेसवल्या, वर पितळी मुखवटे ठेवले, नथी, गजरे, शेजारी मोठी समई. ती समई आता देवी जाईपर्यंत विझता कामा नये. घराचं दारही दिवेलागणीला लावायचं नाही. लक्ष्मी येते आहे आणि आपण कडी लावून बसलो, असं कसं चालेल! समईला वारा लागू नये म्हणून पंखा बंद. पाहुणे म्हणून अनंतराव आणि चतुराबाई. नानासाहेबांनी घंटा हातात घेतली, आरतीचा पहिला शब्द ओठावर आला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

त्या कॅलेंडरामागं वायरमननं गरजेपेक्षा मोठं पाडलेलं एक भोक होतं. वायर बोटभर, भोक तांब्याएवढं. मीनाक्षीनं ते कॅलेंडरानं झाकलं होतं आणि सगळे विसरले होते. सगळे म्हणजे माणसं. बाहेरची वाट बंद झाल्यावर ज्यांना ते सापडायला हवं होतं, त्यांना ते सापडलं.

पंखा बंद असताना भाद्रपदाचं पान थरथरतंय, हे पहिल्यांदा नानासाहेबांनी पाहिलं.

"साक्षात आली!" ते म्हणाले आणि त्यांनी कॅलेंडराला हात जोडले.

पुढच्याच क्षणाला ते पान फडफडून वर उचललं गेलं आणि आतून एक, मग दोन, मग किती ते कुणी मोजलं नाही, दिवसभर कोंडलेली, चिडलेली, भुकेली वटवाघळं बैठकीत आली. नानासाहेब घंटेसकट अंगणात गेले. घंटा वाजतच होती, म्हणून ते कुठं आहेत ते कळत राहिलं. अनंतराव पंचांग डोक्यावर धरून खुर्चीमागं बसले. यमुनाबाईंनी "अगं बाई गं!" अशी किंकाळी फोडली आणि ज्या गुडघ्यांपायी देवी या घरी आली होती, त्याच गुडघ्यांवर वाऱ्यासारख्या धावत स्वयंपाकघरात शिरून दार लावून घेतलं. मधुसूदन पळाला नाही. त्याला पळायचं होतं, पण सोवळ्याचा सोगा पाटाच्या पायाखाली अडकला होता.

आरडाओरडा ऐकून कारभारी धावत आला. "दिवे घालवा!" तो दारातून ओरडला. "आत अंधार करा, दार उघडं ठेवा, गप ऱ्हावा. आपसूक जातील भायेर!"

"समई विझवता येणार नाही!" खुर्चीमागून अनंतराव ओरडले. "अखंड आहे ती!"

"मंग बसा रातभर फडफड बघत!"

"शास्त्र आहे ते, मोकाशे! शास्त्रापुढं तडजोड नाही!"

"अवं, विझवू नका, झाका!" भिंतीशी बसलेल्या चतुराबाई म्हणाल्या.

"समई झाकत नाहीत!" अनंतराव म्हणाले, पण एक वटवाघूळ त्यांच्या कानावरून गेल्यामुळं पुढचं शास्त्र राहून गेलं.

या सगळ्या गदारोळात एकच माणूस जागचा हलला नव्हता. मीनाक्षी. धावपळीत कुणाचा तरी धक्का लागून ज्येष्ठेची कोठी कलली, तेव्हा तिनं झेप घेऊन दोघींना मिठी मारली होती. एक हात ज्येष्ठेच्या कमरेत, एक कनिष्ठेच्या. डोक्यावरून काळी फडफड चाललेली, एक वटवाघूळ तर तिच्या अंबाड्याला घासून गेलं. तिनं डोळे घट्ट मिटले होते, पण हात सोडले नव्हते.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "समईपुढं बसा. आमच्याकडं पाठ करून. उपरणं पसरा."

मधुसूदनच्या आयुष्यात बायकोचं ऐकायचे प्रसंग पुष्कळ आले होते, पण इतकं ताबडतोब त्यानं कधी ऐकलं नव्हतं. सोगा हिसडून तो समईला तोंड आणि जगाला पाठ करून बसला. दोन्ही हातांनी उपरणं पसरून त्यानं उजेड अडवला. कारभारीनं बटण दाबलं. बैठक काळीकुट्ट झाली.

आता विचार करा. उघडं अंग, उघडं टक्कल, नाकासमोर सगळ्या वाती पेटलेल्या, आणि पाठीमागं अंधारात ती मंडळी फिरतायत. मानेवर वारा लागतोय. पंखाच्या टोकाचा आहे हे कळतंय. हात खाली आणावा तर उजेड होईल, मान वळवावी तर उपरणं पेटेल. कपाळाचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. तो समईत पडू नये म्हणून मधुसूदननं श्वास धरला. कचेरीतल्या कुणी आपल्याला असं पाहिलं तर काय म्हणेल, हा विचार एकदा त्याच्या मनात आला, आणि नंतर आला नाही.

"गेलं एक," दाराशी कारभारी कुजबुजला. थोड्या वेळानं, "आनखी दोन."

मग स्वयंपाकघरातून बारीक आवाज आला. "मीनाक्षी... ए मीनाक्षी... इथं माझ्याबरोबर एक आलंय गं आत."

"दार उघडा वहिनी, आणि खाली बसून माझ्याकडं या. आवाजावर या. मी इथंच आहे."

दार किरकिरलं. ताट-वाट्यांची उतरंड कलंडली. मग रांगत येणाऱ्या माणसाची चाहूल, बांगड्यांचा आवाज, आणि मधुसूदनच्या पाठीमागं अगदी जवळ कुणीतरी धापा टाकत बसल्याचं त्याला कळलं. यमुनाबाईंनी मीनाक्षीचा पदर ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतला असावा, कारण त्यांचा आवाज कापडातून आल्यासारखा येत होता.

"तू का नाही पळालीस?" त्यांनी विचारलं.

"ह्या पडल्या असत्या," मीनाक्षी म्हणाली.

"भीती नाही वाटली?"

"खूप वाटतेय. अजून वाटतेय."

दाराशी कारभारीचं "गेलं... गेलं" चाललं होतं. अंगणातली घंटाही थांबली होती. मधुसूदनचे हात भरून आले, खांद्यात कळा निघाल्या, पण त्याला आता उजेड व्हायला नको होता. मीनाक्षी हुंदका गिळतेय हे त्याला पाठीला ऐकू आलं. काय बोलतील वहिनी? म्हणतील, उद्या घेऊन जाते. म्हणतील, सांगितलं नव्हतं का मी? आयुष्यात पहिल्यांदा त्याला वहिनींचे पाय धरावेसे वाटले, आणि नेमके हात मोकळे नव्हते.

"मीनाक्षी," यमुनाबाई म्हणाल्या. आवाजातला सगळा ताठा गेला होता. "ज्येष्ठेची नथ वाकडी झालीय बघ. माझ्या हाताला लागली. सरळ कर."

"मी?"

"मग काय मी? मी त्यांना टाकून पळाले गं. इतकी वर्षं केलं, आणि टाकून पळाले." त्यांनी नाक ओढलं. "आणि हे बघ, पुढच्या वर्षी मला सवाष्ण म्हणून जेवायला सांग. चार दिवस आधी सांग म्हणजे झालं. पाहुणीनं आयत्या वेळी कसं यायचं?"